शंकेची सोबत : पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी भारताच्या बौद्धिक इतिहासात मोलाची भर घातली आहे. काशीत वाढलेले पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे अशाच एका कुटुंबातले. त्यांच्या धर्मांतराविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र आपल्याच मनातल्या शंकांशी त्यांनी आयुष्यभर जो प्रामाणिक व्यवहार ठेवला, तो विद्या शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

नीळकंठशास्त्रींचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी बुंदेलखंडात, झाशीजवळच्या एका गावी झाला. घराणे मूळचे कोकणस्थ. आजोबा बाजीराव-मस्तानीच्या वंशातील बांद्याच्या नवाबांच्या पदरी मोठ्या अधिकारावर होते. पुढे कुटुंब काशीस येऊन राहिले. घरात मराठी, पाठशाळेत संस्कृत आणि बाजारात हिंदी अशा तीन भाषांत त्यांचे बालपण गेले. व्याकरण आणि न्याय या शास्त्रांत त्यांनी लहान वयातच चांगली गती मिळविली. न्यायशास्त्राने त्यांच्या बुद्धीला एक सवय लावली : कोणतेही विधान पुराव्यावाचून स्वीकारायचे नाही आणि प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण समजल्यावाचून ते खोडायचे नाही.

त्या काळी विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी काशीत रस्त्यांवर व चौकांत उभे राहून येशूविषयी प्रवचने करीत. त्यांना वादात निरुत्तर करावे, या निश्चयाने तरुण नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे गेले. जॉन म्यूर या संस्कृतज्ञ स्कॉटिश अधिकाऱ्याने लिहिलेला ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथही त्यांच्या वाचनात आला. त्याला उत्तर म्हणून १८४४-४५ च्या सुमारास, वयाच्या विशीत, त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ख्रिस्ती मतावर त्यांनी कठोर आक्षेप घेतले. पूर्वजन्म मानला नाही, तर निष्पाप जिवांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा उलगडा कसा करायचा? एका अल्पशा आयुष्यातल्या पापासाठी कधीही न संपणारी शिक्षा देणारा ईश्वर न्यायी कसा म्हणायचा? प्रश्न साधे होते, पण त्यांची धार तीक्ष्ण होती.

वादासाठी बायबल वाचावे लागले आणि त्या वाचनाने वादाचीच दिशा बदलली. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. वैऱ्यावरही प्रेम करण्याची ती शिकवण त्यांना खोडता येईना. दुसऱ्याच्या मताला लावलेली कसोटी आपल्या मतालाही लावली पाहिजे, ही न्यायशास्त्राची शिस्त त्यांना स्वस्थ बसू देईना. अनेक महिने मन दोलायमान राहिले. एकीकडे वडील, आप्त आणि काशीच्या पंडितसमाजातील मान. दुसरीकडे पटू लागलेले सत्य. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीपासून दूर जौनपूर येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले.

या निर्णयाची किंमत त्यांच्याबरोबर त्यांच्या घरच्यांनीही मोजली. ब्राह्मण कुटुंबातील मुलाने धर्म सोडणे म्हणजे त्या काळी घराला लागलेले सुतकच होते. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्या मार्गाने आल्या. परंतु १८५३ मध्ये मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, वडिलांपासून दूर, दुसऱ्या कुटुंबांत वाढली, इंग्लंडमध्ये शिकली आणि पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली.

१८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत नीळकंठशास्त्री इंग्लंडला गेले. ज्या देशातून येशूची शिकवण सांगणारी माणसे येत होती, त्या देशातील व्यवहार त्यांनी जवळून पाहिला. ग्रंथातली शिकवण आणि लंडनमधले जीवन यांतील अंतर पाहून ते अतिशय खिन्न झाले. जर्मन पंडित मॅक्स म्यूलर यांनी त्यांच्या त्या खिन्नतेची आठवण नोंदवून ठेवली आहे. तरीही अनुयायांच्या उणिवांवरून गुरूची पारख करायची नाही, या निष्ठेने ते परतले.

१८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या दर्शनांचा त्यांनी तरुणपणी अभ्यास केला होता, त्यांचीच ही कठोर परीक्षा होती. त्यातील निष्कर्ष सर्वांना मान्य होण्याजोगे नव्हते आणि आजही नाहीत. पण मूळ ग्रंथ जाणणाऱ्या पंडिताने केलेली ही चिकित्सा होती. दोनच वर्षांत तिचे इंग्रजी भाषांतर झाले. १८७० मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. पुढे ते ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील संन्यस्त बंधुसंघात दाखल झाले. मात्र अंतिम व्रते न घेता अखेरपर्यंत साधकच राहिले.

ब्राह्मसमाजाच्या अनुयायांशी त्यांनी दीर्घ वाद केला. पंडिता रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती मताविषयी ज्या शंका होत्या, त्यांचे निरसन होण्यास नीळकंठशास्त्रींच्या लेखनाचे मोठे साहाय्य झाले. इंग्लंडमध्ये असताना १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इतरांच्या शंकांना उत्तरे देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या शंका मात्र कधीच पूर्णपणे मिटल्या नाहीत. विशीत दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न पुढे त्यांच्याच दाराशी पुन्हापुन्हा येऊन उभे राहिले. शंका लपवून त्यांनी खोटी निश्चिंतता मिरविली नाही आणि शंका आहे म्हणून वाटही सोडली नाही. त्यांच्या लेखी येशूचे अनुसरण म्हणजे सर्व प्रश्न सुटल्यानंतर निघायचा प्रवास नव्हता. प्रश्नांचे ओझे खांद्यावर घेऊनच त्यांनी पावले टाकली. साधी राहणी, अध्ययन आणि प्रार्थना यांत त्यांचे उर्वरित आयुष्य गेले. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

नीळकंठशास्त्रींचा धर्मनिर्णय कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. त्यांच्या जीवनातून घेण्याजोगे आहे ते विचारांचे चारित्र्य. विरोधकाचा ग्रंथ मुळातून वाचावा, आपल्या मतालाही परीक्षेस बसवावे, पटले त्याची किंमत स्वतः मोजावी आणि उत्तर न सापडलेला प्रश्न सापडला असे भासवू नये. मुलाने घरी येऊन एखादा अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसविण्यापूर्वी काशीच्या त्या तरुण पंडिताचे स्मरण व्हावे. प्रामाणिक शंका ही अश्रद्धेची खूण असतेच असे नाही. कित्येकदा ती श्रद्धेची आयुष्यभराची सोबतीण असते.