रेषा, किरण आणि रेषाखंड यांत गोंधळ होतो? मग भास्कराचार्यांची ही गोष्ट वाचा

सहावीच्या गणितात तीन शब्द भेटतात : रेषा, किरण आणि रेषाखंड. कागदावर तिन्ही सारख्याच दिसतात, पट्टीनं ओढलेली एक सरळ रेघ. त्यामुळं परीक्षेत हमखास मार्क जातात आणि शाळा सुटली की तिन्ही शब्द डोक्यातून निघून जातात.

खरं तर फरक एका प्रश्नात कळतो. हिला टोकं किती?

दोन टोकं असतील तर तो रेषाखंड. एकच टोक असेल आणि दुसरी बाजू कुठंच थांबत नसेल तर तो किरण. एकही टोक नसेल तर ती रेषा.

हे डोक्यात पक्कं बसवायचं असेल तर पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाकडं जावं लागेल. त्यांचे वंशज आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, यादव दरबारात मानाच्या पदावर होते. हे नाव म्हणजे भास्कराचार्य.

कोण होते भास्कराचार्य?

त्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवलंय. वडील महेश्वर हेही ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड, असं ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी चाळीसगावजवळचं पाटण सांगतं, कुणी बीड, तर कुणी विजापूर.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढं ६९ व्या वर्षी 'करणकुतूहल' हा पंचांगाच्या गणिताचा ग्रंथ त्यांनी रचला.

लीलावती ही त्यांची मुलगी, लग्नाचा मुहूर्त पाहायच्या घटिकापात्रात तिच्या पोशाखातला मोती अडकला आणि मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती येते १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीनं केलेल्या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांनी स्वतः ती सांगितलेली नाही.

बांबू म्हणजे रेषाखंड

लीलावतीत एक प्रसिद्ध गणित आहे. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्यानं मोडला. त्याचं टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकलं. तर तो किती उंचीवर मोडला?

उत्तर १२ हात. उभा राहिलेला भाग १२, वाकलेला भाग २०, जमिनीवरचं अंतर १६. या तिन्ही बाजू रेषाखंड आहेत. प्रत्येकीला दोन टोकं आहेत, म्हणून तर ती मोजता येते. रेषा किंवा किरण यांची लांबी किती, हा प्रश्नच चुकीचा.

भास्कराचार्य आणखी एक गंमत दाखवतात. ३, ६ आणि ९ लांबीच्या बाजूंचा त्रिकोण काढा, असं कुणी सांगितलं तर? ते सांगतात, तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्या आणि ठेवून बघा. ३ आणि ६ च्या काड्या मिळून जेमतेम ९ होतात. त्या आडव्या पडून मोठ्या काडीवर बसतात, त्रिकोण उभाच राहत नाही. हाच प्रयोग आज घरी झाडूच्या काड्यांवर करता येतो. मुलांना रेषाखंड शिकवायचा याहून सोपा मार्ग नाही.

दिव्याचा उजेड म्हणजे किरण

लीलावतीत सावलीचंही प्रकरण आहे. त्यातलं एक गणित असं. दिवा साडेतीन हात उंचीवर, त्याच्यापासून ३ हातांवर १२ अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे उभी खुंटी. सावली किती लांब पडेल?

एक हात म्हणजे २४ अंगुळं, म्हणजे खुंटी अर्धा हात उंच. उत्तर येतं १२ अंगुळं.

आता उजेडाची वाट बघा. तो ज्योतीपासून निघतो, खुंटीच्या टोकाला घासून जातो आणि जमिनीवर पडतो. जमीन आडवी आली म्हणून थांबला, नाहीतर पुढं जातच राहिला असता. सुरुवात आहे, शेवट नाही. भूमितीतला किरण हाच. पण ज्योतीपासून जमिनीपर्यंतचा तुकडा तेवढा घेतला, तर तो झाला रेषाखंड.

आणि रेषा?

रेषेचं चित्र काढताच येत नाही. आपण काढतो तो तुकडा आणि दोन्ही बाजूंना बाण दाखवून म्हणतो, ही पुढं चालूच आहे.

अशा न संपणाऱ्या गोष्टीचा विचार भास्कराचार्यांनी संख्यांच्या बाबतीत केला होता. शून्यानं भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात. तिच्यात काहीही मिळवा किंवा वजा करा, ती बदलत नाही, असं सांगताना ते अनंत परमेश्वराची उपमा देतात. आजचं गणित शून्यानं भागू देत नाही. पण रेषा समजून घ्यायला ही कल्पना कामाची आहे. रेषेवरून हवा तेवढा रेषाखंड बाजूला काढा, दोन्हीकडं उरलेला भाग तरीही संपत नाही.

लिहिताना काय लक्षात ठेवाल?

रेषा कख आणि रेषा खक एकच. रेषाखंडाचंही तसंच. किरणाला मात्र क्रम महत्त्वाचा. किरण कख 'क' पासून निघतो, किरण खक 'ख' पासून. दिवा कुठं ठेवला ते आधी लिहायचं.

पाटणचा मठ

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपाल यानं पाटणहून बोलावून घेतलं आणि विद्वानांचा प्रमुख केलं. नातू चांगदेव हा राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला. इ.स. १२०७ च्या तिथल्या शिलालेखात या मठाच्या दानाची नोंद आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि गावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातला वाटा मठाला द्यायचा, असं त्यात ठरवून दिलंय. गणित शिकवायचा खर्च बाजारपेठ उचलत होती. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढं आणला.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, वेरूळ, कन्नड करत औट्रम घाट उतरला की चाळीसगाव येतं आणि तिथून पाटणादेवी जवळच. देवीच्या दर्शनाला तिथं पुष्कळ लोक जातात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर या मठाबद्दलही त्यांना सांगा आणि बांबूचं गणित तिथंच घाला.