काम बंद झाल्यावर मजूर जातो कुठे? : वसंतराव नाईक आणि रोजगार हमी

दरवर्षी १ जुलै आला की पंचायत समितीत आणि कृषी कार्यालयात वसंतराव नाईक साहेबांच्या फोटोला हार चढतो. त्यांची जयंती राज्यात कृषी दिन म्हणून पाळली जाते. योगायोग असा की आपला वाशीम जिल्हाही १ जुलैचाच. १९९८ साली याच तारखेला तो अकोल्यातून वेगळा झाला. त्या दिवशी हायब्रीड ज्वारीवर, कृषी विद्यापीठावर, धरणांवर भाषणे होतात. ती व्हायलाच पाहिजेत. पण साहेबांच्या कारकिर्दीतला एक प्रश्न भाषणात फारसा येत नाही. सरकारने गावात मजुरीचे काम काढले तर ते बंद कधी करायचे? आणि बंद केल्यावर त्यावर जगणाऱ्या माणसाने करायचे काय? हा प्रश्न अजून मिटलेला नाही. म्हणून ही हकिगत.

नाईक साहेबांचा जन्म १ जुलै १९१३ चा, पुसद तालुक्यातल्या गहुली गावचा. बंजारा समाजाची काशी असलेली पोहरादेवी आपल्या मानोरा तालुक्यात, तिथून गहुली काही लांब नाही. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे नाईक. लेकराला शिकवायचे तर गाव सोडल्याशिवाय इलाज नव्हता. आसपासच्या गावांत पायपीट करत शाळा झाली, मग नागपूरला मॉरिस कॉलेजातून पदवी आणि १९४० साली वकिलीची परीक्षा. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली गिरवले. १९४१ साली वत्सलाबाई घाटे यांच्याशी लग्न झाले. तो आंतरजातीय विवाह त्या काळात पचायला जड होता, पण दोघे मागे हटले नाहीत. पुढे पुसदला वकिली जमली आणि १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

१९५२ साली ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेत निवडून गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ नंतर विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा सहकार आणि शेती ही खाती त्यांनी सांभाळली. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि ते महसूलमंत्री झाले. त्या वेळची एक गोष्ट ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी लक्षात ठेवावी. राज्यात पंचायत राज्य कसे आणायचे हे ठरवायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष नाईक साहेबच होते. त्या समितीच्या अहवालावरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या. जमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदाही त्यांच्याच खात्याचा.

मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ ला नाईक साहेब मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग अकरा वर्षांहून जास्त, त्या खुर्चीवर राहिले. तो काळ धान्याच्या टंचाईचा होता. परदेशातून गहू आला तर रेशनला माल. १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर करून टाकले की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर द्या. शब्द मोठा होता. त्यासाठी संकरित बियाणे, खते, विहिरींवर मोटारपंप यांचा धडाका लावला. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली निघाले. पण कोरडवाहू शेतीचा मालक वरचा पाऊस असतो, हे तांड्यात वाढलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि तसेच झाले. १९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ साली त्याने पाठच फिरवली. सगळ्यात मोठा तडाखा मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला बसला, वऱ्हाडालाही झळ लागली. विहिरी आटल्या, दावणी रिकाम्या झाल्या. त्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढणारी पिढी अजून खेड्यात आहे. सरकारने टंचाईची कामे काढली आणि ती इतकी वाढत गेली की मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसे या कामांवर होती. नुसती गडीमाणसे नाही. बाया मोठ्या संख्येने होत्या. गावचा पाटील आणि त्याच्या शेतातला मजूर एकाच हजेरीपटावर आले, कारण दोघांचेही वावर सारखेच कोरडे पडले होते.

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी खडी फोडण्याचे काम होते. खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहायचे. मजुरी वाटली जायची, पण गावाच्या हाती काही लागत नव्हते. मग नालाबंडिंग, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी अशा कामांवर जोर देण्यात आला. मजुराला आज रोजी मिळावी आणि कास्तकाराला उद्या पाणी मिळावे, असा तो विचार होता. आज गावोगावी जे जुने पाझर तलाव दिसतात त्यातले कितीतरी त्या दोन-तीन वर्षांचे आहेत.

१९७३ चा पावसाळा बरा झाला आणि खरा पेच तिथून सुरू झाला. पाऊस पडला की टंचाई संपली, टंचाई संपली की काम बंद. कागदावर हे सरळ दिसते. पेरणीला माणसे लागतात, ती खडीवर कशाला ठेवायची? ज्याच्याकडे जमीन होती, बैल वाचले होते, तो शेतात परत गेला. त्याच्यापुरते काम बंद होणे योग्यच होते. पण ज्याने बैल विकले त्याचे काय? ज्याला जमीनच नाही त्याचे काय? निंदण, डवरणी, सोंगणी यांत दोन-चार महिने निघतात. पुढे उन्हाळाभर खायचे काय? दुष्काळात निदान टंचाईचे काम असायचे. चांगल्या वर्षी तेही नाही. म्हणजे पाऊस चांगला झाला की भूमिहीन मजूर सरकारच्या हिशेबातून बाहेर.

या पेचावर तोड आधीच सुचलेली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागातले. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे, आणि काम असे द्यावे की गावाची मत्ता वाढेल, असे त्यांचे म्हणणे. १९६५ पासून त्यांनी नाईक साहेबांच्या मागे हा लकडा लावला. साहेबांनी तो ऐकला. तासगावकडे प्रयोग झाला आणि १ मे १९७२ पासून रोजगार हमी योजना जाहीर झाली. लगेच दुष्काळाची कामे आल्याने ती मागे पडली. ती कामे आटोपल्यावर १९७४ पासून तिने जोर धरला. हे श्रेय एकट्या मुख्यमंत्र्यांचे नाही. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी यांनी दुष्काळात मजुरांचे मोर्चे काढले, तहसीलवर बाया धडकल्या. काम हा हक्क आहे ही मागणी रस्त्यावरूनही आली.

टंचाईचे काम आणि हमीचे काम यांत फरक काय? टंचाईचे काम सरकार काढते आणि सरकारच बंद करते. हमीचे काम मजुराने मागायचे. मागितल्यावर १५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. सुगीत शेतावर चार पैसे जास्त मिळत असतील तर मजूर मागणीच करणार नाही. काम आपोआप कमी होईल. उन्हाळ्यात मागणी वाढेल, काम वाढेल. बंद-चालूची किल्ली साहेबाच्या टेबलावरून मजुराच्या हातात आली. पैशाचीही सोय झाली. १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा काही रक्कम कापायची आणि सरकारने आपला तेवढाच वाटा घालायचा. मुंबईच्या पगारातून वाशीमचा पाझर तलाव, असा तो हिशेब होता.

नाईक साहेबांना कायदा मात्र खुर्चीवर असताना करता आला नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. १९७७ साली ते आपल्या वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा दिल्लीत त्यांचा पक्ष विरोधात बसला होता. इकडे त्याच वर्षी विधिमंडळात रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यानंतर सात महिने पुरे व्हायच्या आत, १८ ऑगस्ट १९७९ ला, सिंगापूरला त्यांचे निधन झाले.

पुढची हकिगत त्यांच्या माघारी घडली, पण प्रश्न तोच आहे. १९८८ साली रोहयोची मजुरी किमान वेतनाला जोडली गेली आणि जवळजवळ दुप्पट झाली. मजुरी वाढली म्हणजे कामावर गर्दी वाढायला पाहिजे होती. झाले उलटे. पुढच्या दोन वर्षांत दिलेले काम १९८५-८६ च्या निम्म्याहून खाली आले. त्या वर्षी पाऊस चांगला होता हे खरे. पण अभ्यासकांनी दाखवले की खर्च आवरण्यासाठी नवी कामेच कमी काढली गेली. योजना बंद केल्याचा एकही आदेश निघाला नाही. कायदा जागच्या जागी होता, फक्त काम निघत नव्हते. १९९० पासून रोहयोतून फळबागा आल्या. त्याचा कास्तकाराला फायदा झाला, पण भूमिहीनाला रोजच्या रोज लागणारे काम त्याने भरून निघाले नाही.

२००५ साली महाराष्ट्राचा धडा देशाने घेतला. केंद्राचा रोजगार हमी कायदा झाला आणि २००८ पर्यंत तो सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत पोचला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० वरून १२५ केले आहेत. बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के भार उचलायचा आहे, आणि शेतीच्या ऐन हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची मुभा राज्याला आहे. म्हणजे किल्ली थोडी पुन्हा टेबलाकडे सरकली.

कास्तकारांची तक्रार जुनी आहे. रोहयोमुळे मजूर मिळत नाही, सोयाबीनची सोंगणी गुत्त्याने द्यावी लागते, भाव मागतील तो द्यावा लागतो. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. पण हिशेब करून पाहा. सोंगणी उरकते ऑक्टोबरात. तूर निघाली, हरभरा निघाला की वावर मोकळे. तेव्हा गावात काम नसेल तर मजूर थांबतो का? तो बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला, वीटभट्टीवर, नाही तर पुण्या-मुंबईकडे जातो. जो कायमचा तिकडे रमला, तो जूनच्या पेरणीलाही येत नाही आणि निंदणालाही नाही. हंगामात साठ दिवस काम थांबवून मजूर शेतात आणता येईल असे वाटते, पण मजूर गावातच नसेल तर आणणार कुठून? उन्हाळ्यात चाललेले काम मजुराला जगवते आणि कास्तकाराचा मजूरही गावात राखून ठेवते. पेरणीच्या तोंडावर काम थांबले तर कोणाची तक्रार नाही. दिवाळीनंतर ते वेळेवर सुरू झाले नाही तर दोघांचेही नुकसान आहे.

याचा बंदोबस्त गावातच करता येतो. ग्रामसभेत कामांची यादी आधी मंजूर करून ठेवावी. नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, विहीर, पाणंद रस्ता, जे लागेल ते. यादीच तयार नसेल तर काम निघायला उन्हाळा सरतो. मजुरांनी कामाची मागणी लेखी द्यावी आणि तारखेची पोच हातात घेतल्याशिवाय उठू नये. तोंडी मागणी कोणत्याच दप्तरात राहत नाही. रोजगार सेवक आणि ग्रामसेवकांनी मस्टर वेळेत भरावे, कारण चुकारा दोन महिने थकला की मजूर पुढच्या वेळी येत नाही, आणि मग गावात मागणीच नाही असा अहवाल वर जातो.

योजना अशीच बंद पडते. आदेश लागत नाही, रिकामे मस्टर पुरते. येत्या १ जुलैला फोटोला हार घालताना सरपंच, ग्रामसेवकांनी आपल्या गावच्या कामांची यादीही टेबलावर ठेवावी आणि दिवाळीनंतर पहिले काम कोणते काढायचे, ते त्याच दिवशी ठरवून घ्यावे.