जॉर्ज स्नेल: उंदरांच्या जनुकांतून टाईप 1 मधुमेहाच्या मुळाशी

घरातल्या एका मुलाला टाईप 1 मधुमेह झाला की पालक म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न पडतो, आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता, मग हा आला कुठून? दुसरा प्रश्न त्याहून बोचरा असतो, धाकट्यालाही होईल का? या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या कामावर उभी आहेत, त्या जॉर्ज स्नेल यांचा मधुमेह हा अभ्यासाचा विषय नव्हता.

उंदरांमध्ये गेलेले आयुष्य

स्नेल यांचा जन्म 1903 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून त्यांनी आनुवंशशास्त्रात डॉक्टरेट घेतली. 1935 मध्ये ते मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत दाखल झाले आणि तिथेच निवृत्त झाले.

त्यांचा प्रश्न साधा होता. एका उंदराची गाठ दुसऱ्याच्या शरीरात बसवली, तर कधी ती टिकते आणि कधी शरीर ती नाकारते. असे का? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी पिढ्यानपिढ्या उंदरांचे संकर केले. शेवटी बाकी सर्व जनुके सारखी, फक्त स्वीकार-नकार ठरवणारा भाग वेगळा, अशा जोड्या तयार झाल्या. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर गोरर यांच्या सोबतीने त्यांनी या भागाचा माग काढला. त्याला एच-2 हे नाव मिळाले.

1947 च्या भीषण आगीत प्रयोगशाळा जळाली आणि बहुतेक उंदीर मेले. स्नेल यांनी काम पुन्हा उभे केले. 1980 मध्ये, वयाच्या 76 व्या वर्षी, त्यांना बारूज बेनासेराफ आणि जाँ दोसे यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. 1996 मध्ये बार हार्बर येथेच त्यांचे निधन झाले.

याचा मधुमेहाशी संबंध काय?

माणसात याच जनुकांना एचएलए म्हणतात. ती सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे तुकडे धरून ठेवतात. ते पाहून टी पेशी आपले कोण आणि परके कोण हे ओळखतात. ही ओळख चुकली की टी पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करतात.

1974 मध्ये कॅनडातील ओटावा येथे रॅट जातीच्या काही उंदरांना आपोआप मधुमेह झाल्याचे दिसले. त्यांना बीबी रॅट म्हणतात. इन्सुलिन न दिल्यास ते मरत. त्यांच्यातही याच जनुकांचा एक विशिष्ट प्रकार असल्याशिवाय हा आजार होत नाही असे आढळले. पण तेवढे पुरेसे नव्हते. टी पेशींची संख्या कमी करणारा दुसऱ्या एका जनुकातील दोषही लागत होता.

तुमच्या घरासाठी याचा अर्थ

माणसात डीआर 3 आणि डीआर 4 हे एचएलए प्रकार धोका वाढवतात. मात्र ते असलेल्या बहुसंख्य लोकांना टाईप 1 मधुमेह कधीच होत नाही. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार रुग्णाच्या 100 भावंडांपैकी साधारण 5 ते 6 जणांना तो होतो. म्हणजे धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेक भावंडे त्यातून सुटतात.

त्यामुळे मुलाने गोड खाल्ले किंवा तुम्ही काही चुकलात म्हणून हा आजार झाला, असे मनाला लावून घेऊ नका. आई-वडिलांनी एकमेकांच्या घराण्याला दोष देण्यातही अर्थ नाही. दोघांकडून आलेली निरोगी जनुकेच मुलात एकत्र येऊन धोका वाढवू शकतात.

धाकट्याला खूप तहान लागणे, वारंवार लघवी होणे, पुन्हा अंथरूण ओले करणे किंवा वजन घटणे दिसले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासा. उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोराचा श्वास असेल तर थेट रुग्णालय गाठा. आणि ज्या मुलाचे इन्सुलिन सुरू आहे, त्याचे ते कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.