बिरबल साहनी

बिरबल साहनी (१४ नोव्हेंबर १८९१ – १० एप्रिल १९४९) हे भारतीय पुरावनस्पतिशास्त्रज्ञ होते. खडकांत अश्मीभूत झालेल्या वनस्पतींच्या आधारे भूस्तरांचे वय, प्राचीन हवामान आणि भूखंडांची हालचाल यांविषयी त्यांनी संशोधन केले. लखनौ येथील पुरावनस्पतिविज्ञान संस्थेचे ते संस्थापक होत.

जीवन आणि शिक्षण

साहनी यांचा जन्म पंजाबातील भेरा (आता पाकिस्तानात) येथे झाला. त्यांचे वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथूनच १९११ मध्ये पदवी घेऊन साहनी केंब्रिजला गेले व प्रा. ए. सी. सिवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करू लागले. १९१९ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. पदवी दिली. १९२० मध्ये त्यांचा सावित्री सुरी यांच्याशी विवाह झाला. बनारस व लाहोर येथे अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९२१ मध्ये ते लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १९४३ मध्ये तेथे सुरू झालेल्या भूविज्ञान विभागाची धुराही त्यांनी सांभाळली.

संशोधन

सिवर्ड यांच्यासह त्यांनी भारतातील गोंडवनकालीन वनस्पतींचा पुनर्विचार करणारा ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध केला. बिहारमधील (आता झारखंड) राजमहाल टेकड्यांतील जीवाश्मांच्या अभ्यासातून त्यांनी १९४८ मध्ये 'पेन्टॉक्सिली' हा लुप्त अनावृतबीजी वनस्पतींचा नवा गट मांडला. खोड, पाने व बीजे खडकात सुटी सापडत असताना ती एकाच वनस्पतीची आहेत हे ओळखणे, हे या कामातील मुख्य आव्हान होते.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या बेसॉल्ट खडकाने व्यापला आहे, त्याचे वय हा त्यांच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय होता. लाव्ह्याचे दोन उद्रेक होण्यामधल्या शांत काळात तळ्यांत साचलेल्या गाळाचे थर नागपूर–छिंदवाडा परिसरात आढळतात. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलाँ येथील अशा थरांत निपा या पाम वृक्षाचे फळ मिळाले. हा वृक्ष आज उष्ण प्रदेशात खाडीकाठी वाढतो. त्यामुळे त्या काळी मध्य भारताचे हवामान उष्ण-दमट होते आणि समुद्राची खाडी फार दूर नसावी, असा निष्कर्ष निघतो. अशा वनस्पतींचे इंग्लंडमधील इओसीनकालीन जीवाश्मांशी असलेले साम्य पाहून दख्खनचा लाव्हा क्रिटेशस नव्हे, तर त्यानंतरच्या तृतीयक कल्पातील आहे, असे मत साहनी यांनी मांडले. १९४० च्या भारतीय विज्ञान परिषदेतील त्यांच्या अध्यक्षीय भाषणाचा विषयही हाच होता. पुढे किरणोत्सारी कालमापनाने हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे या दोन्ही कल्पांच्या सीमेवरचे ठरले.

पंजाबातील सैंधव मिठाचे थर इओसीनकालीन असल्याचे त्यांचे प्रतिपादन मात्र टिकले नाही. ते थर त्याहून पुष्कळ प्राचीन असल्याचे आता मानले जाते. वनस्पतींच्या पुराव्याच्या आधारे त्यांनी वेगेनर यांच्या भूखंडवहन सिद्धांताचा विचार केला, तसेच काश्मीरमधील करेवा थरांतील अवशेषांवरून हिमालयाचे उत्थान मानवाच्या उदयानंतरही चालू राहिल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला.

रोहतकजवळील खोकराकोट येथे सापडलेल्या यौधेयांच्या नाण्यांच्या साच्यांचाही त्यांनी अभ्यास केला. प्राचीन भारतातील नाणी ओतण्याच्या तंत्रावरील त्यांचा ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

संस्था आणि मृत्यू

१९३६ मध्ये साहनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुरावनस्पतिविज्ञान संस्था स्थापन झाली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिच्या इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिलेत निरनिराळ्या काळांतील जीवाश्म बसवलेले होते. त्यानंतर आठवड्याभरातच साहनी यांचे हृदयविकाराने निधन झाले. संस्थेचे अपुरे राहिलेले काम सावित्री साहनी यांनी पुढे नेले आणि १९५३ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. ही संस्था आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. तेथे प्राचीन वनस्पतींबरोबरच गतकालीन हवामानाचेही संशोधन चालते.