बिल विल्सन यांचें चरित्र व जुन्या अंकांचा पुरावा

कोर्टांत तोंडी साक्षीपेक्षां कागदास वजन अधिक, आणि तो कागद वाद उत्पन्न होण्यापूर्वींचा असेल तर त्याचें वजन कितीतरी पटींनीं वाढतें, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. रोजच्या रोज लिहिलेली कीर्द आणि फिर्याद दाखल झाल्यावर रात्रींतून तयार केलेली वही यांतील भेद ते आम्हां वकिलांहूनहि चांगला ओळखतात. अमेरिकेंत दारूच्या व्यसनांतून माणसें कशीं सुटलीं याचा इतिहास ज्यास जाणावयाचा आहे, त्याच्यापुढें हाच प्रश्न उभा राहतो. त्या इतिहासांतील मुख्य पुरुष विल्यम विल्सन, ज्यांस सर्व जग बिल विल्सन म्हणून ओळखतें, यांनीं स्थापिलेल्या मंडळाचें नांव 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे निनांवी मद्यासक्तांचें मंडळ. त्यांत सभासदाचें पूर्ण नांव छापून यावयाचें नाहीं असा दंडक. अशा मंडळाची कीर्द सांपडावयाची कोठें? तर त्या काळच्या साप्ताहिकांच्या व मासिकांच्या जुन्या अंकांत. हे अंक हौसेनें शोधून जमविणारे लोक अमेरिकेंत आहेत. त्यांस रद्दीचा नाद लागला आहे असें म्हणून हंसणारेहि आहेत. पण विल्सन यांचें चरित्र पाहिलें म्हणजे हंसणारांचीच समजूत कोती ठरते, असें आम्हांस वाटतें.

विल्सन यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९५ रोजीं व्हरमाँट संस्थानांतील ईस्ट डॉर्सेट या खेड्यांत, त्यांच्या आजीच्या उतारगृहांत, दारूच्या गुत्त्यामागील खोलींत झाला. पुढें आईबापांची फारकत झाली. आई वैद्यकीचें शिक्षण घेण्यास बोस्टनला गेली, बाप दूर निघून गेला, व मुलें आजोळीं वाढलीं. ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या रहिवाशांवांचून दुसऱ्या कोणास बूमरँग करतां येत नाहीं असें आजोबा एकदां सहज बोलून गेले, आणि हा पोरगा महिनेच्या महिने लांकूड तासत बसला व शेवटीं फेंकल्यावर परत येणारें बूमरँग त्यानें करून दाखविलें. हा हट्ट त्यांच्या पुढील सर्व बऱ्यावाइटाचें मूळ होय. १९१७ सालीं ते सैन्यांत शिरले. स्वभाव बुजरा, आणि न्यू बेडफर्ड येथील मेजवान्यांत पहिला पेला पोटांत जातांच तो बुजरेपणा नाहींसा झाला. २४ जानेवारी १९१८ रोजीं लोइस बर्नहॅम या बाईंशीं त्यांचा विवाह झाला.

महायुद्धानंतर त्यांनीं ब्रुकलिनच्या लॉ स्कुलांत कायद्याचा अभ्यास जवळजवळ पुरा केला, पण दारूमुळें पदवी हातीं पडली नाहीं. मग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत पडले. १९२५ सालीं पतिपत्नी मोटारसायकलीस बाजूची गाडी जोडून निघालीं व कारखाने प्रत्यक्ष पाहून त्यांचे अहवाल विल्सन पेढीवाल्यांस पाठवूं लागले. शेअर घेण्यापूर्वीं कंपनीचें घर पाहून यावें, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्या काळीं फार थोडे करीत. पैसा आला, त्याबरोबर दारूहि वाढली. १९२९ सालीं बाजार कोसळला, पैसा गेला, दारू मात्र राहिली. मेसीच्या दुकानांत नोकरी करून लोइसबाईंनीं घर चालविलें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. अमेरिकेंत दारूबंदीचा अंमल जानेवारी १९२० पासून डिसेंबर १९३३ पर्यंत होता. म्हणजे विल्सन यांचा सर्वनाश झाला तो दारू बेकायदा असतांनाच. आमच्याकडे मुंबई सरकारनें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला. अशा कायद्याचे आम्ही वैरी नाहीं. दुकान बंद झाल्यानें नवे पिणारे कमी होतात हें आम्हांस मान्य आहे. पण ज्याच्या अंगीं व्यसन मुरलें त्यास कायदा तुरुंगांत घालूं शकतो, बरा करूं शकत नाहीं. हें दुसरें काम कोणी करावयाचें, याचा विचार आमच्या सुधारकांनीं पुरेसा केलेला नाहीं.

न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलांत डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनीं विल्सन यांस सांगितलें कीं हा नुसता दुर्गुण नव्हे, रोग आहे. अशा माणसास एक पेला म्हणजे सर्व पेले. नोव्हेंबर १९३४ मध्यें एबी थॅचर हा जुना सोबती त्यांच्या घरीं आला. तोहि पक्का दारूबाज, पण त्या दिवशीं शुद्धीवर होता व पुढें केलेला पेला त्यानें घेतला नाहीं. ऑक्सफर्ड ग्रुप नांवाच्या धार्मिक मंडळींत राहून आपण सुटलों असें त्यानें सांगितलें. डिसेंबरांत विल्सन पुन्हां त्याच हॉस्पिटलांत गेले. तेथें त्यांस प्रकाशाचा व शांतीचा कांहीं विलक्षण अनुभव आला, आणि त्यानंतर त्यांनीं दारू घेतली नाहीं. या अनुभवास कोणी साक्षात्कार म्हणेल, कोणी औषधाचा परिणाम म्हणेल. त्या वादांत आम्ही पडत नाहीं. खरी गोष्ट पुढेंच आहे. पांच महिने ते दारूबाजांस उपदेश करीत हिंडले आणि एकहि सुटला नाहीं. सिल्कवर्थ यांनीं सल्ला दिला कीं आधीं रोग सांगा, देव मागाहून.

मे १९३५ मध्यें ओहायो संस्थानांतील ॲक्रन शहरीं एका यंत्रकंपनीच्या मालकीच्या झगड्यांत विल्सन हरले. खिशांत पैसे थोडे, मेफ्लॉवर हॉटेलचा दिवाणखाना, एका बाजूस दारूच्या बैठकींतील हंशा व दुसऱ्या बाजूस टेलिफोन. ते टेलिफोनकडे गेले, आणि हॉटेलांत लावलेल्या चर्चांच्या यादींतून एका पाद्र्यास त्यांनीं गांठलें. पाद्र्यानें दिलेल्या नांवांवरून शेवटीं हेन्रिएटा सीबरलिंग या बाईंचा पत्ता लागला व त्यांच्या घरीं १२ मे रोजीं डॉ. रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्यांची गांठ पडली. स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीनें आले आणि रात्रीं उशिरापर्यंत बसले. कारण समोरचा मनुष्य त्यांस सुधारावयास आला नव्हता, तो स्वतः टिकून राहण्यासाठीं त्यांच्याकडे आला होता. १० जून १९३५ ही स्मिथ यांच्या शेवटच्या पेल्याची तारीख मानतात व तोच मंडळाचा स्थापनादिन. तिसरा सभासद ॲक्रनचा एक वकील निघाला, हें आमच्या व्यवसायबंधूंसाठीं नमूद करून ठेवितों.

आतां जुन्या अंकांकडे वळूं. एप्रिल १९३९ मध्यें मंडळाचें पुस्तक निघालें, पण घेणारा कोणी नव्हता. एक मोठें मासिक लेख देईल अशी आशा होती ती फोल ठरली. त्याच महिन्यांत विल्सन दांपत्याचें ब्रुकलिनचें राहतें घर गेलें. सप्टेंबरांत 'लिबर्टी' साप्ताहिकांत मॉरिस मार्की यांचा लेख आला. हें साप्ताहिक प्रत्येक लेखाच्या माथ्यावर तो वाचण्यास किती मिनिटें व सेकंद लागतील तें छापीत असे. तेवढ्या मिनिटांच्या वाचनांतून सुमारें ८०० पत्रें आलीं. मग १ मार्च १९४१ चा 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'. लेखक जॅक अलेक्झांडर हे लबाडांचीं बिंगें फोडणारे बातमीदार. येथेंहि कांहीं भानगड असावी अशा संशयानें आले आणि खात्री पटून गेले. वर्षारंभीं सुमारें २,००० असलेले सभासद वर्षअखेर सुमारें ८,००० झाले. हा अंक ज्याच्या संग्रहीं असतो तो त्यास जिवापाड जपतो. जाहिरातींनीं भरलेल्या त्या जाडजूड अंकांतील कांहीं पानांनीं किती घरांतील चूल पुन्हां पेटली असेल, हें संख्येनें सांगतां येणार नाहीं.

जून १९४४ मध्यें न्यूयॉर्कास 'ग्रेपव्हाइन' हें मंडळींचें स्वतःचें पत्र निघालें. पहिला अंक आठ पानांचा. त्यांत विल्सन यांनीं पुढें सुमारें दीडशें लेख लिहिले. १९४५ सालीं याच पत्रांतून वॉशिंग्टोनियन चळवळीची आठवण जागी झाली. १८४० सालीं बाल्टिमोरच्या एका पिठ्यांत सहा दारूबाजांनीं आपसांत शपथ घेऊन ती चालू केली होती. १८४२ सालीं तरुण लिंकन यांनीं तिच्या सभेपुढें व्याख्यान दिलें होतें. हजारों लोक तींत आले, आणि थोड्याच वर्षांत ती राजकारण, वादविवाद व नांवाची हांव यांत बुडाली. इतकी बुडाली कीं तेंच काम पुन्हां हातीं घेणारांस शंभर वर्षांनंतर तिची दादहि नव्हती. विल्सन यांनीं त्यावरून धडा घेतला, आणि एप्रिल १९४६ मध्यें मंडळाचे बारा दंडक 'ग्रेपव्हाइन' मध्येंच छापले: बाहेरच्या वादांत पडूं नये, बाहेरची देणगी घेऊं नये, नांवाचा गवगवा करूं नये. जुने कागद कोणी चाळले नसते तर दुसरी चळवळहि पहिलीच्या वाटेनें गेली असती, असें आम्ही खात्रीनें म्हणत नाहीं. पण तसा धोका होता खास. दुसऱ्यांसाठीं केलेला दंडक त्यांनीं स्वतःसहि लावला. येल विद्यापीठाची सन्मानपदवी नाकारली, 'टाइम' च्या मुखपृष्ठावर छायाचित्र येऊं दिलें नाहीं. १९५५ सालीं सेंट लुइसच्या परिषदेंत त्यांनीं मंडळाची सूत्रें सभासदांच्या हातीं दिलीं.

विल्सन यांस देव्हाऱ्यांत बसविण्याचें आमच्या मनांत नाहीं. तंबाखू त्यांस सोडवली नाहीं व तिनेंच फुप्फुसें खाल्लीं. १९५६ च्या सुमारास एल.एस.डी. नांवाचें द्रव्य त्यांनीं प्रयोगादाखल घेतलें, त्यामुळें मंडळींत चलबिचल झाली. अखेरच्या दुखण्यांत, १९७० च्या नाताळांत, त्यांनीं व्हिस्की मागितली व ती त्यांस मिळाली नाहीं, ही गोष्ट शुश्रूषेच्या नोंदवहींतून २००४ सालच्या एका चरित्रांत उघड झाली. ती झांकून ठेवावयास हवी होती असें मानणारे अनेक भक्त आहेत. आमचें मत उलट आहे. छत्तीस वर्षांनंतरहि तहान शिल्लक होती, म्हणजे तीं छत्तीस वर्षें फुकट मिळालेलीं नव्हतीं.

२४ जानेवारी १९७१ रोजीं, लग्नाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशीं, मायामी येथें त्यांचा अंत झाला. दोन दिवसांनीं 'न्यूयॉर्क टाइम्स' च्या पहिल्या पानावर पूर्ण नांव व छायाचित्र छापून आलें, आणि हयातींत पाळलेला दंडक त्या दिवशीं सुटला. तो अंकहि आतां संग्राहक शोधीत असतात. ईस्ट डॉर्सेटच्या त्यांच्या थडग्यावरील दगडावर मात्र मंडळाचें नांव कोरलेलें नाहीं.