पन्नासपैकी तीन पास

सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार. पंधराव्या वर्षीच ते टोकियोच्या गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागले. पुढे स्वतः पिस्टन रिंग बनवायला घेतल्या, पण टोयोटाने तपासलेल्या ५० पैकी पास झाल्या फक्त ३! धातूत सिलिकॉन कमी पडतंय, हे हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत कळलं. मग काय, तिशीतला हा कारखानदार तिथेच पोरांच्या बाकावर जाऊन बसला. हवं ते शिकले, परीक्षा मात्र दिल्याच नाहीत. एटीकेटीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. रिंग पास होईपर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नव्हता.

महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्यांनी लष्कराची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना बसवून विकली. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी उभी राहिली. १९५८ मध्ये आली सुपर कब. एकच सिलिंडर, ५० सीसी, फोर-स्ट्रोक, आणि क्लचची लिव्हरच नाही! एका हातात नूडल्सचे ट्रे सांभाळणाऱ्या पोऱ्यालाही गाडी चालवता यावी, हा भागीदार फुजिसावा यांचा हट्ट. तो सेंट्रिफ्युगल क्लचने पुरवला. २०१७ पर्यंत कब मालिकेच्या १० कोटी गाड्या बनल्या. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चं इंजिनही याच घराण्यातलं.

१९७३ मध्ये दोघे भागीदार एकदमच निवृत्त झाले. होंडा १९९१ मध्ये गेले.

साधी गाडी म्हणजे कमी डोकं लावलेली गाडी, असं आपल्याला वाटतं. खरं तर चालवणाऱ्याच्या डोक्याला ताप नको, म्हणून तो सगळा ताप इंजिनिअरने आधीच घेतलेला असतो.