चार्ल्स थॉमस बिंगहॅम

लेफ्टनंट कर्नल चार्ल्स थॉमस बिंगहॅम (जन्म : १६ एप्रिल १८४८, मृत्यू : १८ ऑक्टोबर १९०८) हे आयरिश घराण्यातील सैनिकी अधिकारी, वनाधिकारी आणि कीटकशास्त्रज्ञ होते. भारत, श्रीलंका व ब्रह्मदेश या प्रदेशांतील गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्या यांचे एकत्रित, क्रमवार वर्णन करणारे दोन खंड त्यांनी लिहिले. त्यांपैकी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात हॅलिक्टस, नोमिया व स्फेकोडिस या वंशांतील बारीक माश्यांचा जो भाग आहे, तो भारतातील घाममाश्यांच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. या माश्यांना मराठीत रूढ असे वेगळे नाव नाही. माणसाच्या घामातील क्षार चाटण्याच्या त्यांच्या सवयीवरून या लेखात त्यांना घाममाशी म्हटले आहे.

प्रारंभीचे जीवन

बिंगहॅम यांचा जन्म भारतात झाला. सैनिकी सेवेची सुरुवात त्यांनी मुंबई स्टाफ कोअरमध्ये केली व पुढे ते बंगाल स्टाफ कोअरमध्ये गेले. तरुणपणी त्यांना ओढ होती ती पक्ष्यांची. अलाहाबाद व दिल्ली येथे असताना घरटी आणि अंडी यांविषयी त्यांनी केलेल्या नोंदी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आपल्या पक्षिविषयक लेखनात समाविष्ट केल्या. हे ह्यूम म्हणजे पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्या काळी भारतातील पक्षिनिरीक्षकांचे जाळे त्यांच्याभोवती विणलेले होते.

ब्रह्मदेशातील वनसेवा

१८७७ साली ब्रह्मदेशात नेमणूक झाल्यावर बिंगहॅम यांचे लक्ष कीटकांकडे वळले. तेथे त्यांनी वनखात्यात काम केले व वनसंरक्षक पदापर्यंत ते पोहोचले. तेनासरीम प्रांतातील थौंगयिन नदीचे खोरे हा त्यांच्या फिरतीचा मुलूख होता. सागाची मोजदाद, तोड आणि वाहतूक यांवर देखरेख ठेवणे हे त्यांचे पगारी काम होते. कीटक हा फिरतीतल्या मोकळ्या वेळेचा उद्योग होता. साम्राज्याच्या वनखात्याला लाकूड हवे होते, माश्या नकोत. तरीही भारतीय कीटकशास्त्राचा मोठा भाग अशा वनाधिकाऱ्यांच्या उरलेल्या वेळेतच उभा राहिला, हे मान्य करावे लागते.

१८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. जंगलात एकट्याने काम करणाऱ्या निरीक्षकांना त्यामुळे एक हक्काचे व्यासपीठ मिळाले. बिंगहॅम यांनी १८९० मध्ये भारत, ब्रह्मदेश व श्रीलंका येथील नव्या आणि अल्पपरिचित पटलपंखी कीटकांवर आणि १८९६ मध्ये श्रीलंकेतील पटलपंखी कीटकांवर याच नियतकालिकात लेख लिहिले. (पारदर्शक पडद्यासारख्या पंखांच्या दोन जोड्या असलेल्या मधमाशी, गांधीलमाशी व मुंगी यांच्या गणाला येथे पटलपंखी म्हटले आहे.) याच सोसायटीशी संबंधित असलेले रॉबर्ट चार्ल्स रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होते. त्यांनी या इलाख्यात, विशेषतः पुण्याच्या परिसरात, पटलपंखी कीटकांचा मोठा संग्रह केला. बंगालमधील बराकपूर येथे जॉर्ज रॉथनी हेच काम करीत होते. या दोघांच्या संग्रहांतील अनेक कीटकांना मँचेस्टरच्या परिसरात राहणाऱ्या पीटर कॅमेरॉन यांनी नावे दिली. त्यामुळे १८९० च्या सुमारास अशी स्थिती होती की माश्या हिंदुस्थानात, त्यांची वर्णने निरनिराळ्या युरोपीय नियतकालिकांत आणि मूळ नमुने कोणाच्या तरी खासगी पेटीत. एखादी माशी हाती आली, तर तिचे नाव शोधण्यासाठी नेमके कोठे पाहावे, हे भारतातल्या निरीक्षकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

घाममाश्यांचा प्रश्न

हॅलिक्टिडी हे मधमाश्यांच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक आहे. जगात त्याच्या सुमारे साडेचार हजार जाती ज्ञात आहेत. यांतील बहुतेक माश्या जमिनीत बीळ करून राहतात. मादी मातीत कोठड्या कोरते, त्यांना आतून पाणी न झिरपणारे अस्तर लावते, प्रत्येक कोठडीत पराग व मध यांचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते आणि तोंड बंद करते. काही जाती एकट्या राहतात, काहींत आई व मुली एकाच बिळात काम करतात. मोहोळ नाही, मेणाची पोळी नाहीत, काढून घेण्याजोगा मध नाही. त्यामुळे आग्या मोहोळ, सातेरी आणि फुलोरी यांना नावे देणाऱ्या लोकभाषेने या माश्यांकडे वेगळे पाहिले नसावे, असा तर्क करता येतो. वांग्याच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकाला असलेल्या छिद्रातूनच बाहेर येतात व त्यासाठी फूल धरून थरथरवावे लागते. मोहोळातल्या मधमाशीला हे जमत नाही. नोमियासारख्या घाममाशीला ते सहज जमते.

वर्गीकरण करणाऱ्यासाठी मात्र हे कुल मोठे कष्टाचे आहे. माशी पाच-सहा ते दहा-बारा मिलिमीटर लांब, काळी किंवा हिरवट धातूची झाक असलेली आणि शेजारच्या जातीसारखीच दिसणारी. फरक असतो तो पंखातील शिरांच्या वळणात, उदराच्या खंडांवरील केसांचे पट्टे खंडाच्या मुळाशी आहेत की कडेला यात आणि वक्षाच्या मागच्या टोकावरील एका लहानशा जागेत. ही जागा गुळगुळीत आहे, दाणेदार आहे की तिच्यावर उभ्या रेघा आहेत, हे भिंगाखाली पाहावे लागते. शिवाय नर आणि मादी एकसारखे नसतात. नोमिया वंशातील कित्येक नरांचे मागचे पाय जाड, वाकडे, काटेरी असतात, तर माद्यांचे साधे. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी भारतातील दोन माश्यांना कर्व्हिपेस व क्रासिपेस ही नावे दिली. त्यांचे अर्थ अनुक्रमे वाकड्या पायाची आणि जाड पायाची असे आहेत. पाय पाहून नाव दिले की त्याच जातीची मादी स्वतंत्र जात म्हणून नोंदली जाण्याचा धोका उभाच असतो.

लंडनमधील ब्रिटिश म्यूझियममध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५३ साली तेथील संग्रहाची सूची करताना अनेक भारतीय घाममाश्यांचे वर्णन केले होते. त्यांतील हॅलिक्टस ल्युसिडिपेनिस ही हिरवट झाक असलेली लहान माशी पुढे आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत सापडली आणि निरनिराळ्या देशांत तिला निरनिराळी नावे पडत गेली. ही सर्व नावे एकाच माशीची आहेत हे ठरवायला पुढच्या पिढ्या लागल्या. नियमानुसार सर्वांत जुने नाव टिकते, म्हणून स्मिथ यांनी दिलेले जातिनाम आजही चालते. वंश मात्र सेलाडोनिया असा लिहिला जातो.

१८९७ चा ग्रंथ

बिंगहॅम १८९४ साली निवृत्त होऊन लंडनला गेले. तेथील संग्रहालयाच्या कीटक-दालनात ते पगार न घेता काम करू लागले. जगभरातून आलेल्या नांगीधारी पटलपंखी कीटकांची मांडणी व सूची त्यांनी हाती घेतली. विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या संपादनाखाली १८८८ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमाला निघत होती. तिच्यासाठी त्यांनी गांधीलमाश्या व मधमाश्या यांवरचा जवळजवळ सहाशे पानांचा खंड लिहिला आणि निवृत्तीनंतर तीनच वर्षांत तो छापून बाहेर पडला.

आज हॅलिक्टिडी म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कुल या ग्रंथात नाही. त्या काळच्या मांडणीप्रमाणे या माश्या अँड्रेना या वंशाच्या शेजारी आल्या आहेत. प्रत्येक वंशाच्या आरंभी ओळखतक्ता आहे : एका लक्षणाचे दोन पर्याय, त्यांतील एक निवडला की पुढचे दोन, असे करीत वाचक जातीच्या नावापर्यंत येतो. त्यानंतर त्या जातीची जुनी नावे, रंग, पृष्ठभागाची घडण, केस, मिलिमीटरमध्ये लांबी व पंखविस्तार आणि शेवटी आढळस्थान. भाषा कोरडी आहे, पण ती तशीच असायला हवी होती. दुसऱ्या कोणाच्या हातातील माशी त्या शब्दांशी ताडून पाहता यावी, एवढाच तिचा हेतू आहे. हॅलिक्टसच्या वर्णनांत वक्षाच्या मागील त्या लहान जागेकडे बिंगहॅम पुन्हा पुन्हा वळतात, यावरून कोणत्या लक्षणावर भरवसा ठेवावा याची त्यांना जाण होती हे दिसते. स्फेकोडिस या तांबूस उदराच्या माश्या मात्र वेगळ्याच. त्या स्वतः पराग गोळा करीत नाहीत, इतर घाममाश्यांच्या बिळात अंडी घालतात.

ग्रंथाची मोठी उणीव त्यातील आढळस्थानांत आहे. बराकपूर, पुणे, सिक्कीम, तेनासरीम ही नावे वारंवार येतात, कारण गोळा करणारे तेथे राहत होते. आढळस्थानांच्या यादीवरून माश्यांचा प्रदेश कळण्याऐवजी अधिकाऱ्यांच्या बदल्यांचा नकाशा हाती येतो, असे म्हटले तरी चालेल. दुसरी उणीव अशी की बहुतेक घाममाश्यांची राहणी, बिळांची रचना, फुले यांविषयी ग्रंथात फारसे काही नाही. टाचणीला लावलेल्या नमुन्यावरून ते समजणेही शक्य नव्हते. जंगलात अनेक वर्षे घालवलेल्या माणसाच्या ग्रंथात ही गोष्ट जाणवते.

चंद्रपूर व गडचिरोलीच्या संदर्भात

बिंगहॅम यांच्या काळी आजचे चंद्रपूर व गडचिरोली मिळून मध्य प्रांतातील चांदा हा एकच जिल्हा होता. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा झाला. ग्रंथमालेच्या सीमेत हा प्रदेश येतो. आल्लापल्लीच्या सागवनाचे ब्रह्मदेशातील सागवनाशी नाते आहे आणि येथील वनखात्याचा कारभारही त्याच पद्धतीचा होता. पण पुण्याला जसे रॉटन लाभले, तसा घाममाश्या गोळा करणारा रहिवासी संग्राहक चांद्याला लाभला नाही. या जंगलांत वाघ, रानगवा यांच्या नोंदी भरपूर झाल्या, बारीक माश्या बाजूला राहिल्या.

मोहफुले वेचताना किंवा तेंदूपाने खुडताना घामेजल्या हातावर बारीक माशी येऊन बसते. तिचे नाव शोधणाऱ्या येथील विद्यार्थ्याला आजही पहिली पायरी म्हणून १८९७ चाच ओळखतक्ता उघडावा लागतो. हातावरची प्रत्येक माशी घाममाशी नसते, हे मात्र लक्षात ठेवावे. बिनडंखी मधमाश्याही घाम चाटायला येतात. मधमाशीच्या मागच्या पायावर पराग दाबून बसवण्यासाठी गुळगुळीत, पसरट भाग असतो. घाममाशीच्या मादीच्या पायावर परागासाठी दाट केस असतात. तक्त्यावरून वंशापर्यंत जाता येते. पुढे मूळ नमुन्याशी ताडून पाहण्याची वेळ आली, की त्यांतील बरेच नमुने लंडनला आहेत हे कळते.

नंतरची दुरुस्ती

बिंगहॅम यांनी हॅलिक्टसमध्ये ठेवलेल्या पुष्कळ जाती आता लॅसिओग्लॉसम या वंशात मोडतात. पहिली कसून केलेली फेरतपासणी जर्मनीतील पाउल ब्ल्यूटगेन यांची. व्यवसायाने कायद्याच्या क्षेत्रातले असलेल्या या गृहस्थांनी १९२६ पासून भारत-मलाया प्रदेशातील हॅलिक्टसवर लेखमाला लिहिली. नोमियाच्या गटाची नवी मांडणी बेल्जियमचे अलँ पॉली यांनी २००९ मध्ये केली. तेव्हा बिंगहॅम यांच्या एका नोमियातून अनेक वंश निघाले. वर्णने बहुतांशी टिकली, कप्पे बदलले.

उत्तरकाळ

मुंग्या व कोकीळ-गांधीलमाश्या यांवरचा त्यांचा दुसरा खंड १९०३ मध्ये आला. १९०५ मध्ये ब्लॅनफर्ड यांचे निधन झाल्यावर ग्रंथमालेचे संपादकपद बिंगहॅम यांच्याकडे आले. फुलपाखरांवरचे त्यांचे दोन खंड १९०५ व १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. निळ्या फुलपाखरांच्या कुलाचे काम मात्र अर्धवट राहिले. त्यांच्यानंतर संपादन आर्थर शिप्ली यांनी पाहिले. लंडनच्या एन्टोमॉलॉजिकल सोसायटीचे ते १८९५ पासून सदस्य होते.

सुलावेसी बेटावरील काळपट आग्या माशीला कॉकरेल यांनी १९०६ साली बिंगहॅम यांच्या सन्मानार्थ बिंगहॅमी हे नाव दिले. स्मिथ यांनी तिला आधी दिलेले नाव दुसऱ्या माशीला अगोदरच दिले गेले असल्याने ते बदलणे भाग होते.